काहिलीपाशी वीस मोजेपर्यंत

आबा, ‘घड्याळाचा काटा मागं घेता येतो पोरी, काहील मागं घेता येत न्हाई,’ असं तुम्ही म्हणाला होतात. सांगलीच्या पेठेत, गुळाच्या वखारीत, दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला. लढाईपायी सरकारने सगळीकडची घड्याळं एक तास पुढे ढकलली होती, ती आता पुन्हा जागेवर आणायची होती, आणि वखारीतले मुनीम स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मागे फिरवत होते. ‘घ्या, नेलेला तास सरकारनं परत दिला,’ मुनीम म्हणाले आणि सगळे हसले. तुम्ही ढेपांच्या थप्पीला टेकून बसला होतात. मी तुमची भाकरी घेऊन आले होते. तुम्हीही हसलात, मग मी जिथे उभी असेन असं तुम्हाला वाटलं तिकडे तोंड केलंत आणि ते वाक्य बोललात. मी तेरा वर्षांची होते. ते वाक्य मुनिमांसाठी होतं की माझ्यासाठी, हे मी त्या दिवसापासून स्वतःला विचारत आले आहे. आता मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, आणि मी मुलींना पदार्थविज्ञान शिकवते. काळाला दिशा असते का, असली तर ती कुठून येते, हे आमच्या पुस्तकातलं एक प्रकरण आहे. ते शिकवायला फळ्यापाशी उभी राहिले की मला दर वर्षी उसाच्या रसाचा वास येतो.

तुम्ही मूळचे जत भागातले. मेंढरांमागे वाढलेले. पाऊस सलग चुकला तेव्हा कृष्णेच्या काठी पोटाला आलात, गुऱ्हाळावर आधी पिळलेल्या उसाची चिपाडं वाहिलीत, मग चुलवणात जाळ घातलात, आणि हळूहळू कुणी न शिकवता काहिलीशी उभे राहिलात. रसाचा गूळ कधी झाला हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. घाणा फिरवणारे बैल, ऊस तोडणारी माणसं, मळ्याचे मालक, सगळ्यांचे कष्ट शेवटी त्याच्या एका शब्दावर येऊन थांबतात. काहिलीत, एवढ्या मोठ्या कढईत, दुपारपर्यंत रटरटलेला रस एका क्षणी गूळ व्हायला तयार होतो. त्याच्या अलीकडे उतरवला तर ढेप धरत नाही, पलीकडे गेला तर करपतो. तो क्षण तुम्हाला कळायचा. तीन गावांची गुऱ्हाळं तुमच्यासाठी थांबायची. तेव्हा आपलं गाव सातारा जिल्ह्यात होतं, आता ते सांगलीत आहे. गाव तसूभरही हललं नाही. तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, गावाला इच्यारलं का कुणी.

मग तुमचे डोळे गेले. एकदम नाही. वाफ आणि धूर खाऊन खाऊन आधी कडेकडेने, मग मधूनही. मी दहा वर्षांची असताना तुम्हाला उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. बोटांची टोकं तर आधीच निबर झाली होती, कारण गुळव्या गार पाण्यात बोटं बुडवून तीच उकळत्या पाकात घालतो आणि पाण्यात त्याची गोळी वळून बघतो. पाक आता तुम्हाला डोळ्यांनीही कळत नव्हता आणि बोटांनीही, हे फक्त आईला, मला आणि तुम्हाला माहीत होतं. आंधळ्या गुळव्याला कोण बोलावणार? म्हणून मी तुमच्याशेजारी पाण्याची परात घेऊन उभी राहायची. लोकांना वाटायचं, लेक बापाला पाणी धरते. मी काहील बघायची. वेळ आली की मी म्हणायची, ‘आबा, पाणी.’ एवढंच ठरलं होतं आपलं. मग तुम्ही बोटं बुडवायचात, गोळी वळायचात, काहिलीच्या काठावर ती टणकन आपटायचात आणि ओरडायचात, ‘उतरवा.’ आठ माणसं दांडे घालून काहील उचलायची. सगळे तुमच्या हाताकडे बघत असायचे. माझ्याकडे कुणी बघत नसायचं.

मला ते अजून दिसतं. डोळे मिटायचीही गरज लागत नाही. आधी फेस असतो, पांढरट, घाईघाईचा. मग तो बसतो आणि बारीक बुडबुडे येतात, लाह्या फुटाव्यात तसे. मग ते मोठे होत जातात, जड होतात, एकेक सावकाश फुगतो आणि फुटताना वाफेचा उसासा टाकतो. रंग हळदीवरून मधावर येतो. आणि मग एक वेळ अशी येते की सगळी काहील जणू श्वास आत घेते. बुडबुडे तेच, रंग तोच, पण काहीतरी पलटतं. इतक्या वर्षांत मला त्यासाठी शब्द सापडला नाही. तेव्हा तो लागतही नव्हता. मी म्हणायची, आबा, पाणी.

अडचण एकच होती. हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत, आणि शाळाही त्याच महिन्यांत. दोन हिवाळे मी शाळेत फारशी गेलेच नाही. सातवीची परीक्षा आली त्या वर्षी मास्तर एके सकाळी स्वतः गुऱ्हाळावर आले. त्यांच्या कोटाच्या खिशात घड्याळ असायचं. त्यांनी ते काढून बघितलं आणि म्हणाले की अकरा वाजले, पोरगी वर्गात पाहिजे होती. तुम्ही सूर्याकडे तोंड केलंत, कपाळावर ऊन घेतलंत आणि म्हणालात, ‘दहा झाल्यात मास्तर.’ मास्तरांनी समजावलं की लढाईसाठी घड्याळं पुढे केली आहेत, आता यालाच अकरा म्हणायचं. तुम्ही हसलात. ‘मंग ऊसबी म्हैनाभर आदी पिकवा की सरकारला सांगून.’ आजूबाजूची माणसं हसली, मास्तरही हसले, पण ते ज्या कामाला आले होते ते विसरले नाहीत. ही मुलगी परीक्षेला बसली तर पुढे जाईल, ते म्हणाले, आणि नाही बसली तर संपलं, पुन्हा हे वर्ष येणार नाही. तुम्ही परातीच्या काठावरून बोट फिरवलंत. मग म्हणालात, ‘हंगाम झाला की धाडतो.’ परीक्षा हंगामाच्या आत होती. हे तुम्हालाही ठाऊक होतं, मास्तरांनाही आणि मलाही. मास्तर नमस्कार करून गेले. त्यांची पाठ उसाच्या फडाआड जाईपर्यंत मी बघत होते.

त्याच दुपारची ती काहील. ऊन डोक्यावरून कललं होतं. चुलवणाच्या तोंडाशी जाळ घालणारे मामा बसले होते. सख्खे नव्हेत, पण तुम्ही दोघांनी एकाच वर्षी चिपाडं वाहायला सुरुवात केलेली. ते चिपाडं आत सारत होते, बैल थांबले होते, मळ्याचे मालक खाटेवर पडून होते. फेस बसला. लाह्या फुटल्या. बुडबुडे जड झाले. आणि काहिलीने श्वास आत घेतला.

मी बोलले नाही.

ठरवून गप्प बसले असं मी म्हणू शकत नाही, कारण त्याआधी एक क्षणही मी असा विचार केला नव्हता. विसरले असंही म्हणू शकत नाही, कारण मी मोजत होते. एक, दोन, तीन. सातव्या-आठव्या आकड्याला काठाजवळचा रंग बदलायला लागला. अकराव्याला तुम्ही डावा हात थोडा वर केलात. मला वाटलं, घाम पुसताय. तुमचा चेहरा काहिलीकडे होता, अगदी शांत, ऐकत असल्यासारखा. मी पुढे मोजत राहिले. विसाला मी म्हणाले, ‘आबा, पाणी,’ आणि माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. तुम्ही गोळी वळलीत, पण आपटली नाहीत. बोटात धरून उभे राहिलात. मग हळूच म्हणालात, ‘उतरवा.’

तो गूळ काळा पडला. ढेपा निघाल्या, पण जिभेला कडू लागत होत्या. मालक उठून आले, एक खडा तोंडात घातला आणि थुंकले. ते शिव्या देणारे गृहस्थ नव्हते, म्हणून त्यांचं बोलणं जास्त लागलं. ते एवढंच म्हणाले, ‘जतकडच्या मानसाला मेंढरं कळायची. आमचंच चुकलं.’ मी तुमच्याकडे बघत होते. आता तुम्ही सांगाल असं वाटत होतं. पोरगी चुकली, एवढं म्हणाला असता तरी निम्मी बोलणी माझ्यावर आली असती. तुम्ही म्हणालात, ‘माझा हात चुकला, मालक. आता हात ऱ्हायला न्हाई.’ आणि परात माझ्या हातातून काढून घेतलीत, पाणी ओतलंत, ती पालथी घातलीत. घरी येताना बांधावरून चालताना तुमचा हात नेहमीसारखा माझ्या खांद्यावर होता. जड नाही, हलकाही नाही. रोजच्याइतकाच.

पुढचं सगळं त्या विसांतून निघालं. तुम्हाला पुन्हा कुणी बोलावलं नाही. हंगाम माझ्यापुरता संपला आणि मी परीक्षेला बसले. उन्हाळ्यात आपण सांगलीला आलो, कारण पेठेतल्या वखारीत चवीवरून गुळाची प्रत सांगणारा माणूस पाहिजे होता आणि जीभ तुमची शाबूत होती. सांगलीत मुलींची शाळा होती. शाळेमागून कॉलेज आलं. एखादा खडा जिभेवर ठेवून हा खारवट जमिनीतला, हा नदीकाठच्या काळ्या रानातला, असं तुम्ही सांगायचात आणि व्यापारी थक्क व्हायचे. मी वर्गात हेच सांगते, तुमचं नाव न घेता. झालेलं आपली खूण मागे ठेवून जातं, व्हायचं असलेलं ठेवत नाही. म्हणून आपल्याला काल आठवतो, उद्या आठवत नाही. गुळात रान उरतं, पण तो गूळ पुढे कुणाच्या ताटात जाणार हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

कॉलेजात असताना एकदा मी तुम्हाला सगळं समजावून सांगायला निघाले होते. आठवतं? स्वयंपाकघरात तुम्ही चुलीशी पाट घेऊन बसला होतात, आई गुळाचा चहा करत होती. मी म्हणाले, आबा, निसर्गाच्या नियमांना पुढे आणि मागे यातला फरक कळत नाही. चेंडू वर जाताना जे गणित लागू पडतं तेच खाली येताना. काळाचं चिन्ह उलटं लिहिलं तरी गणित चुकत नाही. काहिलीतून उडालेल्या वाफेचा प्रत्येक कण जर नेमका उलटा वळला तर ती वाफ परत काहिलीत येईल आणि गुळाचा पुन्हा रस होईल. नियम त्याला हरकत घेत नाही. तुम्ही मन लावून ऐकलंत. मग विचारलंत, ‘हा नेम करणाऱ्यानं कवा गूळ केलावता का?’ आई इतकी हसली की चहा उतू गेला. मीही हसले, आणि मग खरं उत्तर दिलं. विस्कटण्याच्या तऱ्हा अगणित असतात आणि जुळून येण्याची एखादीच, म्हणून जग विस्कटण्याकडे जातं. कुणी अडवतं म्हणून ते उलट फिरत नाही असं नव्हे, फक्त तसं कधी घडून येत नाही. तुम्ही मान डोलावलीत. ‘म्हंजे दार उगडं हाय, पर कोन येत न्हाई.’ याहून नेमकं वाक्य मी नंतर कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. दार तेव्हाही उघडं होतं. तुम्ही समोर होतात, आई पुसायला फडकं शोधत होती, आणि मला एवढंच म्हणायचं होतं की आबा, त्या दुपारी मला दिसलं होतं. मी कपबशा विसळायला घेतल्या.

नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी तुम्हाला मिरजेला नेलं आणि डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली, जाड भिंगांचा चष्मा लागला, आणि तुम्ही तो सावरत माझ्याकडे वळलात. मग म्हणालात, ‘एवढी कवा झालीस गं?’ तुमच्या डोळ्यांपुढे मधली बारा वर्षं नव्हतीच. तुमच्यासाठी मी त्या क्षणापर्यंत परात धरलेली लहान मुलगी होते. मला वाटलं, माझ्या चेहऱ्यावर तुम्हाला आता ते वाचता येईल. अक्षरं तुम्हाला येत नव्हती, पण चेहरे येत होते. तुम्ही पुष्कळ वेळ बघितलंत आणि म्हणालात की मी आजीसारखी दिसते. पुढे दोनच वर्षांनी तुम्ही गेलात.

इथपर्यंत मी एकटीने ओझं वाहिलं आणि त्याची सवयही झाली होती. पण मागच्या महिन्यात मी गावी गेले. जाळावरचे मामा अजून आहेत. फार थकलेत, सोप्यात घोंगड्यावर बसून असतात. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं, खाली बसवलं, तुमच्या गोष्टी निघाल्या. तुमच्यासारखा गुळव्या पुन्हा झाला नाही, ते म्हणाले. मी म्हणाले, शेवटची काहील तेवढी बिघडली. मामांनी मान वर केली. ‘तुला ठाव न्हाई व्हय?’ ते म्हणाले. ‘तुज्या आबाला वास लागला व्हता, बाई. करपायच्या लय आदी. मला खालनं कळलं, मी वर बघितलं, हळूच म्हनलं, उतरवायची का रं? तर हात वर केला त्यानं. म्हनला, थांब गड्या, पोरीनं अजून सांगितलं न्हाई.’

मामांना सगळं ठाऊक होतं. डोळे, परात, ‘आबा, पाणी’. एवढी वर्षं त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. मी शेजारीच उभी होते, पण त्या दुपारी माझ्या आकड्यांपलीकडे मला काही ऐकू आलं नव्हतं. मी घरी कशी आले मला आठवत नाही. एसटीच्या खिडकीतून ऊस मागे जात होता आणि मी पुन्हा पुन्हा अकराव्या आकड्यापाशी येत होते. तुम्ही का थांबलात, आबा? स्वतःच्या नाकापेक्षा माझ्या शब्दावर तुमचा विश्वास जास्त होता म्हणून? की सकाळी मास्तर गेल्यावर तुम्हीही काही ठरवलं होतंत, आणि मी गप्प आहे हे कळल्यावर तुम्हीही गप्प राहिलात? पहिलं असेल तर मी तुमचा विश्वास करपवला. दुसरं असेल तर तुम्ही तुमचे हात मला देऊन टाकलेत आणि मी त्यालाच माझी चोरी समजत राहिले. मी वर्गात सांगते की झालेलं खूण ठेवून जातं. सगळ्याच गोष्टी ठेवत नाहीत. दोन वेगळ्या दुपारींतून अगदी एकच काळी ढेप निघू शकते, आणि ढेप हातात घेऊन कितीही बघितलं तरी ती कुठल्या दुपारची हे सांगता येत नाही.

काही विचारवंतांचं असं मत आहे की काळ जात नाही, जातो तो आपणच. पाटण सोडून कराडला आलो म्हणून पाटण नाहीसं होत नाही, तसंच गेलेले दिवसही जिथल्या तिथे असतात. हे खरं असेल तर ती दुपार अजून आहे. ऊन कललेलं आहे, मालक खाटेवर आहेत, मामांनी वर बघितलंय, तुमचा हात हवेत आहे, आणि बारा वर्षांची एक मुलगी अकरा म्हणून बारा म्हणायच्या बेतात आहे. कधी कधी संध्याकाळी वह्या तपासून झाल्यावर मी तिथे जाते, तिच्या मागे उभी राहते. मला वाटतं तिच्या कानात सांगावं. पण आबा, खरं सांगते, मी तोंड उघडत नाही. तिने आता ‘पाणी’ म्हटलं तर शाळा गेली, सांगली गेली, हा फळा, ह्या मुली, तुमच्या त्या वाक्याचा अर्थ कळण्याइतकं जे काही मी शिकले ते सगळं गेलं. तुमचे हात परत द्यावेत की नाही हे मला अजूनही ठरवता येत नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

हे कागद मी कुठे पाठवणार नाही. तुम्ही असता तरी तुम्हाला ते वाचून दाखवायला मलाच बसावं लागलं असतं, आणि या जागेपर्यंत येऊन मी पान उलटलं असतं. पण कुणी रागावलं नाही तर केलेलं कधी मागे पडत नाही, ते बरोबरच चालत राहतं, हे मला या वयात कळलं. तुमच्या हाताचा तो रोजच्याइतकाच भार मी बत्तीस वर्षं खांद्यावर घेऊन हिंडते आहे. म्हणून एक मागते. तुम्ही हसाल, मान हलवाल, नाहीच म्हणाल, हे मला माहीत आहे. तरी मागते. आबा, एकदा माझ्यावर रागवा.